खालून कापलेल्या चार ओळी

माझ्या भाचीच्या शाळेतून यंदा एक संमतीपत्र आलं. चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची नवी लस देणार होते. पालकांनी सही करून पत्र आठवड्याभरात परत पाठवायचं होतं. वहिनीने सही केली नाही. पत्र फ्रीजवर ठेवून तिने मला फोन केला आणि सांगितलं, की आपल्या घरात एकदा झालं तेवढं पुरे झालं.

आपल्या घरात झालं ते पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, करोनाची लस घेतली. दुसऱ्या दिवशी त्याला ताप आला. सहाव्या दिवशी त्याला रुग्णालयात दाखल करावं लागलं. तीन आठवड्यांनी तो घरी आला, पण फुप्फुसं पूर्वीसारखी झाली नाहीत. घरात, शेजारी आणि कारखान्यात ही सगळी हकीकत एका वाक्यात सांगतात: दादाने लस घेतली आणि अंथरूण धरलं. या वाक्याच्या दोन भागांमध्ये दोन दिवस असे आहेत, की ते वाया गेले. ते माझ्यामुळे गेले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं नाही, तर भाचीची लस राहणार होती.

दादा तेव्हा अंबरनाथच्या आनंदनगरातल्या एका कारखान्यात बॉयलरवर होता. घर बदलापूरला, शिरगावात. वडिलांच्या भातशेतीवर इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्याच एकीत दुसऱ्या मजल्यावर. मी उल्हासनगरला राहते. एका दैनिकात उपसंपादक होते आणि त्या काळात शहराचं पान घरूनच लावत होते. खाली कापडाचं दुकान असलेले सिंधी घरमालक जिन्यात भेटले, की विचारायचे, "मॅडम, आज क्या छापा? लगवाएँ कि रुकें?" मी त्यांना बातमी सांगायची, सल्ला द्यायची नाही. आमच्या कामात ती सवय चांगली समजली जाते.

पंचेचाळीस वर्षांवरच्यांना लस सुरू झाली तेव्हा दादा सत्तेचाळीसचा होता. कारखान्यातले त्याच्या वयाचे दहा-बारा जण घ्यावी की नको यावर अडले होते. मरणाची किंवा वांझपणाची भीती त्यांना नव्हती. त्या अफवा त्यांनी ऐकल्या होत्या आणि हसून सोडल्या होत्या. त्यांचा प्रश्न तापाचा होता. गेटवर रोज प्रत्येकाच्या कपाळाला तापमानाचं यंत्र लावत. सगळे त्याला बंदूक म्हणत. ताप दिसला की माणूस परत, आणि पुढचे चौदा दिवस घरी. लस घेतल्यावर ताप येतो, हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं.

आनंदनगरच्या कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. अशाच एका शुक्रवारी मी शिरगावला गेले, तेव्हा इमारतीच्या पार्किंगमध्ये दादा आणि त्याचे तीन सहकारी अंतर ठेवून खुर्च्या मांडून बसले होते. एकाचं म्हणणं, ज्याला ताप येतो त्यालाच लस लागू पडते. दुसऱ्याच्या मेहुण्याला काहीच झालं नव्हतं, म्हणून त्याला दिलेली लस पाण्याची होती अशी त्याची खात्री. तिसरा म्हणत होता, की हात दुखला तर व्हॉल्व्ह कसा फिरवणार. मी आल्यावर सगळे माझ्याकडे वळले.

"लस घ्यायला माझी ना नाय," दादा म्हणाला. "पन बाय, मना एक सांग. गेटवरच्या बंदुकीला काय कळनार, ताप लशीचा हाय का करोनाचा?"

त्या पार्किंगमध्ये विचारला गेलेला हा सर्वांत नेमका प्रश्न होता. मी म्हणाले, "बंदुकीला नाही कळणार, पण तुला कळेल. दोन दिवसांत उतरला की लशीचा."

"बाय बोलली म्हंजे छापलं," तिसरा म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले.

मग हिशेब बसला तो दिवसांचा. गुरुवारी पहिली पाळी संपवून लस घ्यायची, शुक्रवारी घरी ताप काढायचा, शनिवारी थंड कपाळाने गेटवर उभं राहायचं. त्याला त्यांनी 'शुक्रवारचा ताप' असं नाव दिलं. आधी दादा जाणार होता. त्याचं बघून बाकीचे जाणार होते. वहिनी वर गॅलरीत उभी राहून ऐकत होती. ती घाटावरची, बोलते कमी. तिने मला जेवताना विचारलं, की दोन दिवसांत नाही उतरला तर काय करायचं. मी तिला म्हणाले, मी सगळं लिहूनच काढते, म्हणजे तुझ्यासारख्या सगळ्यांनाच उपयोग होईल.

मी ते खरंच लिहिलं. एका डॉक्टरांना फोन करून दहा प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरं चौकटीत घातली. बातमीच्या बाजूला रेघांच्या घरात जो छोटा मजकूर असतो, त्याला आम्ही चौकट म्हणतो. हात दुखेल का, ताप किती दिवस राहील (दोन), गोळी घ्यावी का, आंघोळ चालेल का, कामावर कधी जावं. शेवटचं उत्तर चार ओळींचं होतं: 'ताप दोन दिवसांहून अधिक राहिला, किंवा खोकला, धाप अथवा चव जाणे अशी लक्षणे दिसली, तर तो लशीचा ताप समजू नये. लस घेण्याच्या सुमारास संसर्ग झालेला असू शकतो. त्वरित चाचणी करून घ्यावी.'

पान छपाईला सोडायच्या वेळी एक जाहिरात वाढली. मला चौकट चार ओळींनी लहान करायची होती. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मला शिकवलं होतं, की महत्त्वाचं वर लिहायचं आणि जागा कमी पडली तर खालून कापायचं. असं केलं की विचार करावा लागत नाही. मी खालच्या चार ओळी काढल्या. नऊ प्रश्नांची चौकट नीट बसली. मथळ्यातल्या 'दहा'चं 'नऊ' करायला मी विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी दादाने चौकटीचा फोटो कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वहिनीने ती कापून स्वयंपाकघरात दिनदर्शिकेला टाचली. ग्रुपवरचा वाद संपला. कुणीतरी लिहिलं, की पेपरात आलंय, दोन दिवसांचा मामला आहे. मला ते वाचून बरं वाटलं. इतकी वर्षं छापून आलेल्या मजकुरानं कुणी काही केल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

दादाने ठरल्याप्रमाणे गुरुवारी लस घेतली. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शाळेत केंद्र होतं. तिथे त्याला दोन तास रांगेत उभं राहावं लागलं. शुक्रवारी सकाळी त्याने थर्मामीटरचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आला. वेळेवर आला.' त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने विचारलं, हजेरी लावली का तापाने?

शनिवारी ताप उतरला नाही. तो कामावर गेला नाही. पोट बिघडल्याचं कळवून त्याने एक दिवस मागून घेतला.

रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास वहिनीचा फोन आला. मी पान लावत होते. ती म्हणाली, ताप आहेच, सकाळपासून खोकतात, आणि दुपारी आमटी बाजूला सारून म्हणाले, की यात मीठ नाही. ती पुढे म्हणाली, "ताई, मीठ मी घातलंय. मी चाखली."

मी म्हणाले, "काहींना तिसऱ्या दिवशीही राहतो."

"पण चौकटीत दोनच लिहिलंय."

"दोन म्हणजे साधारण दोन, वहिनी."

ती म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणता तर."

'साधारण' हा आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्द आहे. तो घातला की वाक्य चुकत नाही. मी तो वर्षानुवर्षं वापरला होता. त्या संध्याकाळी तो मी एका आजारी माणसाच्या बायकोला दिला, आणि तिने तो निदान म्हणून घेतला.

मी असं का म्हणाले, याचं उत्तर मी स्वतःला अनेक प्रकारे दिलं आहे. पान उशिरा चाललं होतं, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. खोकला आणि गेलेली चव यांचा अर्थ मला माहीत होता. मी तो चारच दिवसांपूर्वी माझ्या हाताने लिहिला होता आणि माझ्याच हाताने काढला होता. मला तो ताप लशीचाच हवा होता. दादाला करोना निघाला असता, तर ग्रुपवरचा एकही जण लशीला दोष दिल्याशिवाय राहिला नसता. मी वाद जिंकला होता आणि तो हरायचा नव्हता. लशीची बाजू घेऊन मी बरोबर होते. त्या बरोबर असण्यामुळे मला समोरचा माणूस दिसला नाही.

मंगळवारी दादाला संडासापर्यंत जाताना धाप लागली. वहिनीने मला विचारलं नाही. तिने शिरगावातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बोटाला यंत्र लावलं, आकडा पाहिला आणि ताबडतोब हलवायला सांगितलं. त्या दिवसांत खाट मिळणं म्हणजे काय होतं, ते इथल्या कुणालाही सांगायला नको. मी बातमीदारांना फोन केले. त्यांनी आणखी कुणाला केले. चार तासांनी उल्हासनगरात एक खाट मिळाली. त्यामुळे आमच्या नातेवाइकांत असं ठरलं, की दादाला बायने वाचवला. अजूनही लग्नाकार्यात एखादी मावशी माझ्या गालावरून हात फिरवते आणि तेच बोलते. मी तो हात बाजूला सारलेला नाही.

चाचणीचा अहवाल पॉझिटिव्ह आला. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला सांगितलं, की या लशीतून करोना होऊ शकत नाही. संसर्ग कारखान्यात, रांगेत किंवा आणखी कुठे, पण लशीचा उपयोग सुरू होण्याआधी झाला असणार. मी विचारलं, रविवारी आणलं असतं तर? ते म्हणाले, नक्की काही सांगता येत नाही, पण दोन दिवस आधी आणलेला रुग्ण आम्हाला नेहमीच बरा. ही बातमी असती तर मी 'नक्की सांगता येत नाही' वर घेतलं असतं, की 'दोन दिवस आधी', हा विचार मी तिथे कॉरिडॉरमध्ये उभी राहून केला.

बाकीच्यांनी लस पुढे ढकलली. गुरुवार आले आणि गेले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी कंपनीने सक्ती केल्यावरच घेतली. मधल्या काळात त्यांतल्या कुणाचं काय झालं याची चौकशी मी केली नाही. एरवी मी ती केली असती.

दादा घरी आल्यावर मी त्याला समजावण्याचा बराच प्रयत्न केला. लशीमध्ये करोनाचा जिवंत विषाणू नव्हता. ताप लशीनंतर आला, लशीमुळे नाही. आमच्या कार्यालयात या दोन शब्दांवरून वाद होत. पुरावा नसेल तिथे 'मुळे' लिहायचं नाही, 'नंतर' लिहायचं, असा आमचा दंडक होता. वाचणारा 'नंतर'चा अर्थ 'मुळे' असाच घेतो, हे आम्हाला माहीत असे, पण त्याची जबाबदारी आमच्यावर येत नसे.

"नंतर आनि मुळे हा तुमचा पेपरातला फरक," दादा म्हणाला. "फुप्फुसाला दोनी सारखेच."

मी त्याला सगळं समजावलं. फक्त रविवारचा फोन सोडला. तो सोडला, की बाकीच्या समजावण्याला अर्थ उरत नव्हता. दोन दिवसांत ताप नाही उतरला तर तो लशीचा नव्हता, हे सांगायचं तर तो लशीचाच आहे असं कोण म्हणालं होतं, हेही सांगावं लागत होतं. वहिनीला तो फोन आठवत असणार, असं मला प्रत्येक भेटीत वाटायचं. ती कधी बोलली नाही. मी ते तिच्या स्वभावावर टाकून मोकळी झाले.

बॉयलरची शिडी दादाला पुन्हा चढता आली नाही. कंपनीने त्याला गेटजवळच्या टाइम ऑफिसात बसवलं. नव्या माणसाने विचारलं, की तो सांगतो, "बॉयलरला आनि मना एकदमच वाफ कमी पडली." लशीचा विषय निघाला की मात्र तो विनोद करत नाही. मुलीच्या संमतीपत्राबद्दल त्याने वहिनीला एवढंच सांगितलं होतं, की तुझं तू बघ, मला विचारशील तर नको.

मुलींच्या आयांचाही एक ग्रुप आहे. वहिनीने मला त्यातले निरोप पाठवले होते. हात दोन दिवस उचलत नाही. चक्कर येते. कुठल्याशा शाळेत मुली एकामागून एक बेशुद्ध पडल्या, अशी एक चित्रफीत. तिच्यात शाळेचं नाव नव्हतं आणि आवाज दुसऱ्याच कशाचा तरी होता. परीक्षा जवळ आहे, आत्ता कशाला. त्याखाली वहिनीने आमच्या घराची हकीकत लिहिली होती, त्याच एका वाक्यात. तीन आयांनी हात जोडलेले होते. एकीने लिहिलं होतं, मग आम्हीही थांबतो.

हा शेवटचा निरोप वाचून मी शिरगावला जायचं ठरवलं. शुक्रवार होता, म्हणजे दादा घरी होता. भाची क्लासला गेली होती. मी लॅपटॉप नेला होता. त्यात चौकटीचा मूळ मजकूर होता, दहाही प्रश्नांचा. पाच वर्षांत मी यंत्र बदललं होतं, तरी ती फाइल एका यंत्रातून दुसऱ्यात घेतली होती.

मी दोघांना बसवून शेवटच्या चार ओळी वाचून दाखवल्या. मग सांगितलं, की या छापल्या गेल्या नाहीत, जाहिरातीसाठी मी काढल्या. मग रविवारचा फोन सांगितला. मला काय माहीत होतं आणि मी काय म्हणाले, ते ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

दादा आधी बोलला. "म्हंजे पाच वर्सं मी फुकट शिव्या घातल्या लशीला?"

मी हो म्हणाले.

"आनि कारखान्यातल्या त्या पोरांना नको सांगितलं, तेपन फुकट?"

तो उठून गॅलरीत गेला आणि तिथेच पाठ करून उभा राहिला. इतक्या हालचालीनेही त्याचा श्वास ऐकू येत होता.

वहिनी लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत होती. तिने त्या चार ओळी पुन्हा वाचल्या, ओठ हलवत. मग तिने विचारलं, "चव जाणे, हे तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी तुम्हाला मिठाचं सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"मला वाटायचं मी नीट सांगितलं नाही," ती म्हणाली. "खोकल्याचं आधी सांगितलं, मिठाचं मागून सांगितलं, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल. पाच वर्षं मला तसंच वाटत होतं."

याची मी कधी कल्पना केली नव्हती. ती गप्प असे ते मला दोष देते म्हणून, असं मी धरून चालले होते. ती स्वतःलाच देत होती. वेळीच बोलले असते तर तो भार तिच्या डोक्यावर एक दिवसही राहिला नसता. मी तसं म्हणायला गेले, पण तिने हाताने थांबवलं आणि चहा टाकायला उठली. चहा झाला, तो आम्ही तिघांनी घेतला. दादाने गॅलरीतच घेतला.

निघताना मी संमतीपत्राचं विचारलं. वहिनी म्हणाली, सही करायची की नाही ते ती उद्या डॉक्टरांना भेटून ठरवेल. हात किती दिवस दुखतो, चक्कर आली तर काय करायचं, ताप आला तर किती दिवस वाट बघायची, हे सगळं ती त्यांना विचारून कागदावर लिहून घेणार होती. मी म्हणाले, माझ्याकडे त्याची माहिती आहे, मी आजच पाठवते.

"नको ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही नका पाठवू."

तिने सही केली. आयांच्या ग्रुपवर तिने नवं काही लिहिलं का, ते मला माहीत नाही, कारण तिथले निरोप ती आता मला पाठवत नाही. भाचीने लस घेतली. तिला थोडी चक्कर आली, म्हणून नर्सने तिला अर्धा तास बसवून ठेवलं. रात्री हात दुखला, अंग कोमट झालं. वहिनीने डॉक्टरांना दोनदा फोन केला. सकाळी सगळं ठीक होतं आणि ती शाळेत गेली. हे मला चार दिवसांनी कळलं. दुसऱ्याच कुठल्या कामासाठी मी दादाला फोन केला होता, तेव्हा त्याने बोलता बोलता सांगितलं.